खानोलकर, सावित्री
(२० जुलै १९१३–२६ नोव्हेंबर १९९०). परमवीर चक्राच्या रचनाकार. जन्म स्वित्झर्लंडमधील नशाटेल येथे. वडील हंगेरियन, आई रशियन. मूळ नाव ईव्ह इव्हॉन मादे द मारोस. सैन्याधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी त्यांचा १९३२ मध्ये विवाह झाला. मराठी व संस्कृत त्यांनी आत्मसात केल्या. महाराष्ट्रातील संतांवर इंग्रजीत ग्रंथही लिहिला. व्हिक्टोरिया क्रॉसच्या जागी भारतीय पदक हवे होते. त्याच्या रचनेचे काम मेजर जनरल हिरालाल अटल यांनी त्यांच्याकडे सोपविले. सु. ३.५ सेंमी. व्यासाच्या या कांस्यपदकावर मध्यभागी राजमुद्रा असून तिच्याभोवती इंद्राची चार वज्रे आहेत. वज्रासाठी स्वतःच्या अस्थी देणाऱ्या दधीची ऋषींची कथा या कल्पनेच्या मुळाशी आहे. पदकाच्या मानाने रचनाकर्तीचे नाव मात्र फारसे परिचित झाले नाही. पहिले परमवीर चक्र मरणोत्तर लाभलेले मेजर सोमनाथ शर्मा हे सावित्रीबाईंच्या जावयाचे थोरले बंधू होत.