निसर्ग सातबाऱ्यावर नसतो

नाशिकहून गंगापूर धरणाच्या बाजूला रविवारी गेलात, तर द्राक्षमळ्यांच्या कडेला मुंबई-पुण्याच्या गाड्या उभ्या दिसतील. 2000 मध्ये इथं सुलाची पहिली वाइन आली, 2001 मध्ये राज्यानं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि माळरानालाही भाव आला. 'इथं दोन एकर आणि टुमदार घर असावं,' असं प्रत्येक पाहुणा म्हणतो. मीही कवी माणूस, मला ते समजतं. पण निसर्ग सातबाऱ्यावर नसतो, म्हणून चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट अशी, की 1948 च्या कूळकायद्यानुसार शेतकरी नसलेल्याला शासनाच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. पळवाट म्हणून 'छोटे प्लॉट' दाखवले जातात. पण 1947 चा तुकडेबंदी कायदा ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडा विकू देत नाही. मग एकाच उताऱ्यावर दहा अनोळखी नावं चढतात. प्रत्येकाला वाटतं आपला प्लॉट झाला. कागदावर असतो तो फक्त सामायिक हिस्सा. शेतघर शेतीसाठी असतं. पाहुण्यांना भाड्यानं द्यायचा बंगला बांधायचा, तर अकृषिक परवानगीची चौकशी आधी करावी.

दुसरी गोष्ट पाण्याची आणि रस्त्याची. विहीर सामायिक असेल, तर आपली पाळी कोणत्या दिवशी, हे विचारा. पायाखालची वाट नकाशावर आहे, की शेजाऱ्याच्या मेहेरबानीवर, तेही पाहा. सरकारी मोजणी करून घ्या. बोलण्यात एकर-गुंठे असतात, उताऱ्यावर हेक्टर-आर. 40 गुंठ्यांचा एकर, हे ध्यानात असू द्या.

तिसरी गोष्ट वेलींची. वाइनची द्राक्षं खाण्याच्या द्राक्षांसारखी कुठल्याही बाजारात खपत नाहीत. वायनरीशी झालेला करार जमिनीबरोबर आपोआप आपल्या नावावर येत नाही. 2008 च्या मंदीनंतर मागणी घसरली, तेव्हा कित्येकांनी उभे वेल उपटले.

चौथी गोष्ट आमच्या घरातली. वडिलांच्या मागं वारसनोंद झाली, त्यात बहिणीचं नाव राहून गेलं. पुढं जमीन विकायला निघालो, तेव्हा घेणाऱ्याच्या वकिलानं विचारलं, 'बहिणी किती?' आम्ही भाऊ खाली मान घालून बसलो. सातबारा हा महसुलाचा उतारा आहे. त्यावर नाव नाही म्हणून हक्क बुडत नाही. म्हणून जुने फेरफार वाचावेत, इतर हक्काचा रकाना पाहावा, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी. आपा आली, सही केली, तिचा वाटा घेतला आणि म्हणाली, 'भाईजान, आधीच विचारलं असतं तर?' त्या प्रश्नाला माझ्याकडं आजही उत्तर नाही.

शेवटचं सांगणं विकणाऱ्याला. भाव चांगला आला म्हणून सगळी जमीन देऊ नका. शेवटचा तुकडा गेला, की शेतकरी असल्याचा पुरावाही जातो. मग ज्या मातीत आपण वाढलो, तिथं पुन्हा जमीन घ्यायची म्हटलं, तर आपल्याच मुलाला परवानगीच्या दारात उभं राहावं लागतं. थोडी राखून ठेवा. घेणाऱ्यानं डोळे उघडे ठेवावेत, देणाऱ्यानं एक बांध.