बातमी यंत्राची, शेरा आमचा

वर्तमानपत्र हाती पडले की कोणी प्रथम बाजारभाव पाहतो, कोणी राशिभविष्य, तर कोणी निधनवार्ता. आम्ही अलीकडे तंत्रज्ञानाची बातमी आधी शोधतो. राशिभविष्य लिहिणारा निदान बारा राशींना बारा निरनिराळी फळे सांगतो. तंत्रज्ञानाची बातमी मात्र साऱ्या जगाला एकच फळ सांगते : लवकरच तुमचे आयुष्य आमूलाग्र बदलणार!

आमूलाग्र बदलाची आम्हा भैंसावासीयांना धास्ती नाही, सवय आहे. १९५६ पर्यंत आमचा हा मुलूख हैदराबाद राज्यात, नांदेड जिल्ह्याच्या मुधोळ तालुक्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली; नांदेड तिकडे गेले आणि आम्ही आंध्र प्रदेशाच्या आदिलाबाद जिल्ह्यात आलो. २०१४ साली तेलंगण राज्य झाले, २०१६ साली निर्मल जिल्हा झाला. एवंच, राज्य दोनदा बदलले, जिल्हा दोनदा बदलला. घर, गोठा आणि घरातली मराठी होती तेथेच राहिली. त्यामुळे 'आता सर्व काही बदलणार' हे वाक्य कोणी उच्चारले की आम्ही शांतपणे विचारतो, "बरे, पण रेशनकार्ड तेच चालेल ना?"

सप्टेंबर २०१७ मध्ये मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा पायाभरणी समारंभ झाला. ही गाडी ताशी ३२० किलोमीटर धावणार, हे वाचून आमचाही ऊर भरून आला. फक्त आमच्या गावाला साधी गाडी पाहायची झाली तरी प्रथम बासरचे स्टेशन गाठावे लागते. वेगाचे कौतुक करणाऱ्यांनी फलाटापर्यंत पोहोचण्याचा वेळ कधीच हिशेबात धरलेला नसतो.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सौदी अरेबियाने 'सोफिया' नावाच्या यंत्रमानवीला नागरिकत्व बहाल केल्याची वार्ता आली. रियाध येथील एका परिषदेत भर सभेत ही घोषणा झाली. या वार्तेने आमच्या घरात खरा गहजब उडाला. घरातील वडीलधाऱ्यांनी विचारले, "हिने रहिवासाचा दाखला कोठून आणला? जन्माची नोंद कोणत्या ग्रामपंचायतीत आहे? दोन साक्षीदार कोण होते?" ज्यांच्या चार पिढ्या एकाच वाड्यात नांदल्या त्यांनाही आपण येथलेच आहोत हे सिद्ध करण्यासाठी कागदांचा गठ्ठा बाळगावा लागतो, आणि ही बाई ज्या देशात जन्मली नाही, राबली नाही, तेथील नागरिक एका टाळीसरशी झाली. आमची सूचना अशी की पुढील खेपेस दाखला काढायला जाताना प्रत्येकाने तोंडाला थोडा चंदेरी रंग लावून जावे.

२०१७ हे वर्षच रसाळ होते म्हणायचे! अमेरिकेत 'जुसेरो' नावाचे रस काढण्याचे यंत्र निघाले होते. किंमत आरंभी सातशे डॉलर, मग चारशे. कंपनी फळांच्या व भाज्यांच्या फोडींनी भरलेली पिशवी देणार, ती यंत्रात ठेवायची, यंत्र इंटरनेटला जोडायचे, की पेल्यात रस! गुंतवणूकदारांनी या उद्योगात सुमारे बारा कोटी डॉलर ओतले. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये काही पत्रकारांनी तीच पिशवी नुसत्या हातांनी पिळून दाखवली. रस जवळजवळ तितकाच निघाला आणि तितक्याच वेळात. सप्टेंबरात कंपनीने गाशा गुंडाळला. आमच्या स्वयंपाकघरातील पितळी सोऱ्या तीन पिढ्यांच्या चकल्या पाडून अजून ठणठणीत आहे. त्याला इंटरनेट लागत नाही. लागतो तो फक्त भाजणीला हात चांगला असलेला माणूस.

मग आले कृत्रिम बुद्धिमत्तेचे युग. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी अवतरले आणि लेखक, वकील, शिक्षक, कारकून या सर्वांच्या पोटात एकाच वेळी गोळा उठला. मे २०२४ मध्ये गूगलच्या शोधयंत्रातील अशाच बुद्धीने, पिझ्झ्यावरील चीज घसरू नये म्हणून त्यात थोडा डिंक घालावा आणि माणसाने रोज एक लहानसा खडा खावा, असा सल्ला दिल्याचे जगभर छापून आले. तपासाअंती असे दिसले की कोणी कोठे तरी थट्टेने लिहिलेले त्या बुद्धीने गंभीरपणे वाचले होते. यात आम्हाला नवल वाटले नाही. थट्टा न कळणारा, पण सर्व विषयांवर ठाम बोलणारा एक तरी इसम प्रत्येक कुटुंबात असतोच. लग्नकार्यात त्याला आचाऱ्याजवळ फिरकू देत नाहीत, एवढे पथ्य पाळले की झाले. राहता राहिला खडा. तो खाण्यासाठी आम्हाला सल्ल्याची गरज नाही. तांदूळ नीट न निवडता रांधले की मिळतोच.

१९ जुलै २०२४ ची वार्ता मात्र हसता हसता विचारात पाडणारी होती. एका सुरक्षाप्रणालीत बिघडलेली सुधारणा धाडली गेली आणि जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक एकदम निपचित पडले. विमाने खोळंबली, रुग्णालये अडली. त्या दिवशी हैदराबादच्या विमानतळावर एका प्रवाशाला चक्क हाताने लिहिलेला प्रवेशपास मिळाला आणि त्याचे छायाचित्र देशभर गाजले. सर्व यंत्रांनी मान टाकली तेव्हा कामास आले एक पेन, एक कागद आणि बऱ्यापैकी अक्षर. मुलांचे शुद्धलेखनाचे पाठ बंद करावे असे सुचवणाऱ्या पालकांनी ते छायाचित्र चौकटीत बसवून ठेवावे.

कागदाचा विषय निघालाच आहे, तर 'कागदविरहित कचेरी'चेही स्मरण करू. अमेरिकेतील 'बिझनेस वीक' साप्ताहिकाने १९७५ साली भविष्यातील कचेरीचे चित्र रंगवले होते. त्यात कागद हळूहळू नाहीसा होणार होता. त्याला अर्धशतक उलटले. आम्ही ज्या ज्या कचेरीत सारे काम संगणकावर झाल्याचे ऐकले, त्या त्या कचेरीसमोर झेरॉक्सची आणखी दोन दुकाने निघालेली पाहिली.

येथवरचा विनोद दूरच्या बातम्यांचा झाला. पण काही बातम्या थेट आमच्या अंगणात येऊन उभ्या राहतात. तेथे हसू जरा आवरावे लागते.

आमचा मुलूख कापसाचा. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये हमीभाव जाहीर झाला. या भावाने भारतीय कापूस महामंडळाला, म्हणजे लोकांच्या भाषेत सीसीआयला, कापूस घालायचा तर 'कपास किसान' नावाच्या मोबाईलवरील ॲपमध्ये नाव नोंदवायचे, आधार आणि जमिनीचा कागद जोडायचा आणि कापूस आणण्याचा दिवस राखून घ्यायचा, अशी रीत सुरू झाली. हेतू उत्तम आहे. शेतकऱ्याच्या नावावर दुसऱ्यानेच कापूस विकू नये आणि रात्र रात्र गाड्यांची रांग लागू नये, याला कोण नको म्हणेल? अडचण एवढीच की पुष्कळ घरांत नोंदीचा मोबाईल क्रमांक असतो थोरल्या मुलाचा, आणि थोरला असतो हैदराबादेत नोकरीला. कापूस भैंसा येथे, ओटीपी हैदराबादेत, आणि त्याची मुदत काही मिनिटांची! दरम्यान मुलगा साहेबासमोर बैठकीत. बाप इकडे ट्रॅक्टरच्या सावलीत बसून त्या आकड्यांची वाट पाहतो.

पण यंत्राला सरसकट नावे ठेवणे हा आमचा बाणा नाही. कापसाचा ओलावा मोजण्याच्या यंत्राचे आम्ही स्वागतच करतो. ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, आठ ते बारा असेल तर कपात, बाराच्या वर गेला तर माल परत, असा नियम आहे. पूर्वी खरेदीदार मूठभर कापूस हातात दाबून "ओल आहे" म्हणे आणि तेथेच निकाल लागे. त्याच्या बोटांशी वाद घालता येत नसे. आकडा निदान दोघांच्या डोळ्यांसमोर उमटतो. तो पुन्हा मोजून मागता येतो. जे यंत्र दुबळ्या पक्षाच्या हाती पुरावा देते ते चांगले, अशी आमची साधी कसोटी आहे.

याच कसोटीला न उतरणारी गोष्ट म्हणजे आमच्या नावांची. समजा, एखाद्या शेतकऱ्याचे नाव विठ्ठल किशनराव जाधव आहे. मराठी चालीने आधी स्वतःचे नाव, मग वडिलांचे, शेवटी आडनाव. तेलुगू रिवाजात घराण्याचे नाव आधी, तेही पुष्कळदा आद्याक्षरापुरते. म्हणून जमिनीच्या पासबुकावर ते होतात 'जे. विठ्ठल'. बँकेत नाव इंग्रजीत. तेथे 'ठ्ठ'च्या वाट्याला टी किती आणि एच किती, हे लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. माणूस एक, कागदावर तिघे. आणि यंत्र तिघांनाही एकमेकांचे परके समजते. जुना पटवारी हे तिघे एकच आहेत हे जाणत असे, कारण तो माणसालाच ओळखत असे. या ओळखीची किंमतही तो चोख वसूल करी, हे खरे. १९८४ साली आंध्र प्रदेशात ती वंशपरंपरागत पदे रद्द झाली तेव्हा फारसे कोणी रडले नाही. तरीपण अक्षरे जुळणे म्हणजे माणूस पटणे नव्हे. तेलंगणातील जमिनीच्या नोंदींचे 'धरणी' हे संकेतस्थळ २०२० साली सुरू झाले आणि २०२५ साली त्याच्या जागी 'भूभारती' आले. यंत्रणेला पाच वर्षांत आपले नाव बदलता येते, तर विठ्ठलरावांना आपले एक अक्षर दुरुस्त करून घेणे सुलभ असावे, एवढीच आमची मागणी आहे.

शेवटी भाषेविषयी. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या 'भाषिणी' या उपक्रमाचे उद्घाटन झाले; भारतीय भाषांतून एकमेकींत बोलणे व लिहिणे यंत्राकरवी उलगडावे हा त्याचा हेतू. ही वार्ता आम्ही मोठ्या आशेने वाचली. एका बाजूला तेलुगू कचेरी, दुसऱ्या बाजूला मराठी आजी. मध्ये असा दुभाष्या मिळाला तर पुष्कळ हेलपाटे वाचतील. मात्र ही यंत्रे जेवढे लिहिलेले आणि ध्वनिमुद्रित झालेले असते तेवढेच शिकतात. त्यांच्या कानी पडलेली मराठी बहुतांशी छापील, शहरी वळणाची. आमच्या मराठीत तेलुगूचा हेल आहे, दखनीचा लहजा आहे. पलीकडे धर्माबादचे पाहुणे 'सातबारा' म्हणतात तेथे आम्ही 'पहाणी' म्हणतो. ही बोली यंत्राला ठाऊक नसेल तर दोष यंत्राचा थोडा आणि आमचा अधिक. आम्ही ती लिहून ठेवली कोठे? आमची मुले तेलुगू व इंग्रजी माध्यमात शिकतात, देवनागरी अडखळत वाचतात. आजीशी मराठीत बोलतात आणि मोबाईलवर तीच मराठी रोमन लिपीत उमटवतात.

जवळच बासर आहे. ज्ञानसरस्वतीच्या देवळात दूरदूरचे आईबाप लेकरांच्या अक्षराभ्यासासाठी येतात. त्याच गावी २००८ पासून ग्रामीण मुलांसाठी तंत्रज्ञानाचे विद्यापीठही चालू आहे. पाटी आणि संगणक एका गावात सुखाने नांदतात, तसे ते एका घरातही नांदावेत. म्हणून वाचक कुटुंबांना आमची विनंती आहे. येत्या सुटीत नातवंडांनी आपल्या हातातील तोच मोबाईल आजीसमोर धरावा आणि तिच्या ओव्या, म्हणी, शेताभाताचे शब्द, पदार्थांच्या कृती तिच्याच आवाजात उतरवून घ्याव्यात. मग त्या देवनागरीत लिहून काढाव्यात. चुका झाल्या तर आजी सुधारील. पुढे कोणते यंत्र काय शिकेल ते शिको. नातवंडे तर शिकलेली असतील.