सफर आणि मुक्काम

'सफर' आणि 'मुक्काम' हे दोन्ही शब्द तुम्हांला उर्दूमुळे ओळखीचे आहेत. मराठीतही ते रोजच्या बोलण्यात येतात. सफर म्हणजे प्रवास आणि मुक्काम म्हणजे प्रवासात एखाद्या ठिकाणी थांबणे. ज्याला सफरीची आवड आहे, त्याला आज एक गाव आणि उद्या दुसरे गाव पाहायचे असते. शिक्षकाचे काम याच्या अगदी उलट आहे. त्याला एकाच शाळेत, त्याच मुलांसमोर, वर्षभर उभे राहावे लागते. मग प्रवासवेड्या माणसाने परदेशात जाऊन शिक्षक व्हावे का? आज जगातले पुष्कळ तरुण तसे करतात. इंग्रजी शिकवण्याची नोकरी पत्करून ते जपान, कोरिया, व्हिएतनाम अशा देशांत जातात. या वाटेने फार पूर्वी गेलेल्या एका मुसाफिराची हकिकत आपण पाहू.

त्यांचे नाव लाफ्काडिओ हर्न. त्यांचा जन्म १८५० साली ग्रीसजवळच्या लेफ्काडा बेटावर झाला. आई ग्रीक, वडील आयरिश. वडील ब्रिटिश सैन्यात डॉक्टर होते. आईवडील वेगळे झाले आणि मुलगा डब्लिनला एका वृद्ध नातेवाईक बाईंकडे वाढला. शाळेत खेळताना झालेल्या अपघातात त्याचा डावा डोळा गेला. एकोणिसाव्या वर्षी, खिशात फारसे पैसे नसताना, तो अमेरिकेला पोहोचला. तेथे हर्न वर्तमानपत्रात लिहू लागले. सिनसिनाटी, न्यू ऑर्लिन्स, मग कॅरिबियन समुद्रातले मार्तिनिक बेट, असे ते फिरत राहिले. कुठेही त्यांचे पाय फार काळ टिकले नाहीत.

१८९० च्या एप्रिलमध्ये ते योकोहामा बंदरात उतरले. एका अमेरिकन मासिकासाठी जपानवर लेख लिहायचे, असे ठरले होते. पण लवकरच त्यांचे त्या मासिकाशी बिनसले. परका देश, भाषा येत नाही आणि हातचे कामही गेलेले! अशा वेळी टोकियोत शिकवणारे इंग्रज विद्वान बेसिल हॉल चेंबरलेन यांच्या मदतीने त्यांना मात्सुए या गावात इंग्रजीच्या शिक्षकाची जागा मिळाली. पगार होता महिना १०० येन. त्या काळी ही रक्कम मोठी होती.

जपान परदेशी शिक्षकाला एवढा पगार का देत होता? दोनशेहून अधिक वर्षे जपानने बहुतेक परकीयांना दार बंद ठेवले होते. १८६८ साली सम्राट मेइजी यांची राजवट सुरू झाली आणि देशाने आपले धोरण बदलले. रेल्वे, आरमार, वैद्यक, कायदा हे सारे लवकर शिकायचे, तर त्या विषयांची पुस्तके वाचता आली पाहिजेत. म्हणून सरकारने परदेशी तज्ज्ञ आणि शिक्षक पगार देऊन बोलावले. आपले लोक तयार झाले, की त्यांना परत पाठवायचे, हेही ठरलेले होते. परदेशी शिक्षक हा पाहुणा होता, घरचा माणूस नव्हता. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचा संबंध येणार आहे.

मात्सुए हे जपानच्या पश्चिम बाजूचे, एका सरोवराच्या काठी वसलेले जुने गाव. तिथल्या माध्यमिक शाळेत हर्न शिकवू लागले. नेमणुकीच्या कागदावर त्यांच्या नावाचा उच्चार चुकून 'हेरुन' असा लिहिला गेला. त्यांना तो आवडला आणि गावात ते 'हेरुन-सान' झाले. त्यांना जपानी येत नव्हते आणि मुलांना इंग्रजी बोलण्याची सवय नव्हती. अशा वर्गात शिकवणे किती अवघड असेल, हे तुम्ही ओळखू शकाल. दुसरी भाषा शिकण्याचा अनुभव तुम्हांलाही आहे. निशिदा सेन्तारो नावाचे एक जपानी शिक्षक त्यांच्या मदतीला होते. पुढे ते हर्न यांचे जिवलग मित्र झाले.

हर्न मुलांना निबंधासाठी अगदी साधे विषय देत. चंद्र, डास, बागेतले फूल. निबंध तपासताना त्यांना एक नवल वाटले. इंग्रजी मोडकेतोडके असले, तरी मुलांचे विचार एकमेकांशी भावंडांसारखे जुळत होते. फुलाविषयी लिहिताना मुलगा नुसते रूप सांगून थांबत नसे. रूप सुंदर असले, तरी वास चांगला नाही, तेव्हा बाहेरच्या रूपाला भुलू नये, असेही लिही.  म्हणजे शिक्षक व्याकरण तपासत होता आणि त्याच वह्यांतून एका देशाचे मन वाचत होता. दोन दिवसांसाठी येणाऱ्या प्रवाशाच्या हाती अशी वही कधीच पडत नाही.

मुले संध्याकाळी त्यांच्या घरी येत, अदबीने बसत, कधी काही न बोलताच बसून राहत. शिक्षक हा इथे मालक नसून थोरला भाऊ असतो, असे हर्न यांना वाटले. पण नाते जडले, की दुःखही वाट्याला येते. त्यांचा एक हुशार विद्यार्थी आजारी पडला. शेवटच्या दिवसांत त्याने शाळा पाहण्याची इच्छा सांगितली. घरच्या गड्याने त्याला रात्री पाठीवर घेऊन शाळेपर्यंत नेले. अंधारात त्याने आपला वर्ग पाहिला आणि तो परतला. काही दिवसांत तो गेला. ही हकिकत हर्न यांनी आपल्या पुस्तकात लिहिली आहे. तिथे त्यांच्या शब्दांत कोठेही प्रवाशाचे कुतूहल दिसत नाही.

मात्सुए येथेच त्यांनी कोइझुमी सेत्सु यांच्याशी संसार थाटला. सेत्सु एका सामुराई, म्हणजे योद्ध्यांच्या, घराण्यातल्या; पण नव्या काळात ते घराणे गरीब झाले होते. नवऱ्याला जपानी धड येत नव्हते, बायकोला इंग्रजी येत नव्हते. तेव्हा दोघांनी मिळून व्याकरणाला रजा दिली आणि घरापुरती एक वेगळीच जपानी तयार केली! त्या भाषेत सेत्सु त्यांना भुतांच्या जुन्या गोष्टी सांगत. पुस्तकात पाहून वाचू नका, तुमच्या स्वतःच्या शब्दांत सांगा, असा हर्न यांचा आग्रह असे. त्या गोष्टींतून 'क्वायदान' हे प्रसिद्ध पुस्तक १९०४ साली तयार झाले.

मात्सुएची थंडी त्यांना सोसवेना. १८९१ च्या अखेरीस ते कुमामोतोच्या मोठ्या विद्यालयात गेले. तेथे मुख्याध्यापक होते कानो जिगोरो. ज्युदो या कुस्तीच्या प्रकाराचे जनक ते हेच. पगार वाढला, पण जुने जपान तेथे त्यांना सापडेना. खरे सांगायचे, तर मात्सुएविषयी हर्न यांनी जरा जास्तच गोड लिहिले होते. नवा मुलूख पहिल्या वर्षी सर्वांनाच गोड लागतो.

तरी ते परत गेले नाहीत. आपल्यामागे बायकोमुलांचे काय होईल, ही काळजी त्यांना होती. त्यांनी सासरचे नाव घेतले, १८९६ साली जपानचे नागरिकत्व पत्करले आणि ते कोइझुमी याकुमो झाले. त्याच वर्षी टोकियोच्या विद्यापीठात ते इंग्रजी साहित्य शिकवू लागले. पण १९०३ साली विद्यापीठाने त्यांचा करार पुढे चालवला नाही. विद्यार्थ्यांनी विरोध केला, तरी उपयोग झाला नाही. नागरिक झालेला माणूसही शेवटी पाहुणाच ठरला, असे मला वाटते. पुढच्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या जागी नेमलेल्यांपैकी एक होते नात्सुमे सोसेकी, पुढे जपानचे थोर कादंबरीकार झालेले. त्यांचा प्रवास उलट दिशेचा. सरकारने इंग्रजीच्या अभ्यासासाठी त्यांना १९०० साली लंडनला पाठवले होते. ती दोन वर्षे अत्यंत एकाकी आणि दुःखाची गेली, असे त्यांनी पुढे लिहिले. परदेशी जाणे प्रत्येकाला मानवतेच असे नाही. तुमच्या भाषेनेही अशी सफर केली आहे. भोपाळचे मौलवी बरकतुल्लाह १९०९ साली टोकियोला गेले आणि तेथे हिंदुस्थानी, म्हणजे उर्दू, शिकवू लागले. ते इंग्रज सरकारच्या विरोधातही लिहीत. १९१४ साली त्यांची नोकरी गेली. भोपाळच्या विद्यापीठाला आज त्यांचेच नाव आहे.

जपानने १९८७ साली परदेशी तरुणांना शाळांत बोलावण्याची मोठी योजना सुरू केली. पहिल्या वर्षी चार देशांतून ८४८ जण आले. पदवी हवी, जपानी येत नसले तरी चालते. वर्गात जपानी शिक्षक सोबत असतो. निशिदांचे काम तो करतो. करार एका वर्षाचा असतो आणि तो वाढवत जास्तीत जास्त पाच वर्षे राहता येते. अर्जात आवडीचे गाव लिहिता येते, पण ते मिळेलच असे नाही. टोकियोचे स्वप्न पाहणाऱ्याला एखाद्या लहानशा बेटावरच्या शाळेत जाण्याचे पत्र येते. जाणाऱ्याने सामानात जोड्यांचा एक वेगळा जोड ठेवावा, कारण जपानी शाळेत बाहेरचे जोडे दारातच काढतात. आणि ज्याचे पाऊल फार मोठे आहे, त्याला तिथल्या दुकानांत त्या मापाचे जोडे सहज मिळत नाहीत.