जुन्या शिकारी रायफलीचे वय व मूळ : जव्हार-मोखाडा परिसराच्या संदर्भात

जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान. ते १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. शेजारचा मोखाडा मात्र ब्रिटिश ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्याचा पेटा होता. या परिसरात एखाद्या घरी जुनी शिकारी रायफल पाहावयास मिळाली, तर तिच्यासोबत 'ही राजेसाहेबांनी दिली' अशी आख्यायिकाही ऐकावयास मिळण्याचा संभव असतो. मौखिक परंपरेचे मोल मान्य करूनही, त्या वस्तूवर कोरलेली साक्ष आधी वाचणे हे स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.

नळीवर ठळक अक्षरांत कोरलेले नाव हे निर्मात्याचेच असते, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. पुष्कळदा ते विक्रेत्याचे असते. कलकत्त्याची मॅन्टन किंवा रॉडा, तसेच मुंबईत काळा घोड्याजवळ दुकान असलेली आर्मी अँड नेव्ही या पेढ्यांच्या नावाने विकली गेलेली पुष्कळ शस्त्रे बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी घडविलेली होती. तरीही अशा नावाचा काळ ठरविण्यास उपयोग होतो. आर्मी अँड नेव्ही ही मूळची 'को-ऑपरेटिव्ह सोसायटी'. १९३४ मध्ये ती 'स्टोअर्स' झाली. सोसायटी असा उल्लेख असेल, तर विक्री त्यापूर्वीची मानण्यास हरकत नाही.

खरा पुरावा नळीच्या खालच्या बाजूस, लाकडी भाग उतरविल्यावर दिसतो. इंग्लंडमध्ये प्रत्येक नळी विक्रीपूर्वी जादा दाबाच्या दारूने तपासून तीवर शिक्के उमटविणे कायद्याने बंधनकारक होते. बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ चे. तेथील १९०४ पूर्वीच्या शिक्क्यांत मुकुटाखाली एकमेकांवर तिरपे ठेवलेले राजदंड दिसतात; त्यानंतर मुकुटाखाली 'बीपी', 'बीव्ही' व धूररहित दारूसाठी 'एनपी' ही अक्षरे येतात. 'कॉर्डाइट' हा शब्द, दारूचे वजन व गोळीचे वजन कोरलेले असल्यास रायफल काळ्या दारूच्या युगानंतरची समजावी. याउलट लंबवर्तुळातील 'ईएलजी' हा शिक्का बेल्जियममधील लिएज शहराचा आहे. त्यावर मुकुट असेल, तर तो १८९३ नंतरचा. अर्थात शिक्का नळीचे वय सांगतो, संपूर्ण रायफलीचे नव्हे. नळी बदललेली असू शकते.

बोअरचा पुरावा भारतापुरता अधिकच बोलका आहे. मार्टिनी-हेन्री या लष्करी बंदुकीचे काडतूस .५७७/४५० चे होते. अशा बंदुका बंडखोरांच्या हाती असल्याने सरकारने १९०७ मध्ये .४५० बोअरच्या दारूगोळ्याची भारतातील आयात रोखली. शिकारी रायफलींच्या कारखानदारांनी लागलीच .४६५, .४७० असे थोडे वेगळे बोअर बाजारात आणले. त्यामुळे .४७० ची दुनळी रायफल एखाद्या कुटुंबाने एकोणिसाव्या शतकातील म्हणून सांगितली, तर कथेत कोठेतरी गफलत आहे. लष्करी बोअर नागरिकांना नाकारण्याच्या याच धोरणातून .३१५ बोअर येथे रूढ झाला. बीएसएची .३१५ आढळल्यास ती भारतीय बाजारासाठी घडविलेली असण्याचा संभव मोठा. भारतीय ऑर्डनन्स कारखान्याची.३१५ मात्र स्वातंत्र्योत्तर काळातील.

शिक्के वाचून झाल्यावर कागदपत्रांकडे वळावे. येथे जव्हार व मोखाडा यांच्या वाटा भिन्न होतात. मोखाड्यात १८७८ चा भारतीय शस्त्र कायदा थेट लागू होता. जव्हारमध्ये दरबाराचा अंमल होता. विलीनीकरणानंतरचे जुने परवाने ठाणे जिल्ह्याचे असणार, कारण पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. परवान्यातील क्रमांक नळीवरील क्रमांकाशी ताडून पाहावा. तो जुळला नाही, तर 'राजेसाहेबांची' रायफल पूर्वीच बदलली गेली असावी, अशी शंका घेण्यास जागा राहते.

वयाचा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यातील कलम ४५ जुनाट घाटाच्या किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्रास सूट देते, परंतु ते दुरुस्त करूनही वापरता येण्याजोगे नसेल तरच. शंभर वर्षांची, पण चालू स्थितीतील रायफल परवान्याविना ठेवणे गुन्हाच आहे. २०१९ च्या दुरुस्तीने परवानाधारकास ठेवता येणाऱ्या शस्त्रांची मर्यादाही तीनवरून दोनवर आणली. म्हणून परीक्षण परवानाधारकाच्या समक्ष, नळी रिकामी असल्याची खात्री करून करावे. शिक्के वाचण्यासाठी तेलाचा मऊ कपडा, भिंग आणि थोडा खडू पुरेसा आहे. गंज काढण्याच्या उत्साहात सँडपेपर मात्र फिरवू नये. तो गंजाबरोबर शिक्केही घासून नेतो.