एक मायक्रॉनची कल्हई

तांब्याची चौकोनी पट्टी उजेडात तिरपी धरली की लेप कुठे संपतो ते दिसतं. कडेला, जिथे ती पकडीत होती, तिथे तांबूस रेघ उरलेली असते. बाकी सगळा करडा, मंद चकाकीचा पृष्ठभाग. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला कल्हई लावून आलेलं पातेलं आठवलं. फरक इतकाच, की ही कल्हई कथलाची नाही. टायटॅनियम, झिर्कोनियम आणि व्हॅनेडियम या तीन धातूंचा हा लेप साधारण एक मायक्रॉन जाडीचा असतो.

असा लेप लागतो कणत्वरकात. त्याच्या लांब, अरुंद नळीतली हवा टोकाला पंप लावून नीट निघत नाही. म्हणून नळीच्या भिंतीचाच पंप करायचा, ही कल्पना सर्न या संशोधनसंस्थेत क्रिस्टोफोरो बेनव्हेनुती यांनी प्रत्यक्षात आणली. लेप १८० अंश सेल्सिअसला २४ तास तापवला की वरचा ऑक्साइड आत मुरतो आणि उघडा पडलेला धातू उरलासुरला वायू धरून ठेवतो. सर्नच्या २७ किलोमीटरच्या मोठ्या त्वरकात सुमारे सहा किलोमीटर नळीला हा लेप आहे. स्वीडनमध्ये लुंडच्या मॅक्स-फोर यंत्रातली नळी तर आतून जेमतेम २२ मिलिमीटर रुंद. तिच्या जवळजवळ सगळ्या लांबीला आतून हेच अस्तर.

पण इलेक्ट्रॉनांचा पुंजका नळीतून जातो तेव्हा भिंतीतूनही त्याच्या सोबतीने विद्युतप्रवाह धावतो. भिंत चांगली वाहक नसेल तर पुंजक्यामागे विद्युतक्षेत्राची लाट रेंगाळते आणि मागून येणाऱ्या पुंजक्यांना हेलकावे देते. म्हणून वायू शोषणाऱ्या या लेपातून वीज किती सहज वाहते, हे यंत्र उभं राहण्याआधी कळायला हवं. तेही पुंजक्याला जाणवणाऱ्या वारंवारतेला, म्हणजे मायक्रोवेव्हला. साध्या मीटरने मोजलेला रोध इथे पुरत नाही.

ते मोजायला आमच्या टेबलावर ॲल्युमिनियमची एक कॅव्हिटी, म्हणजे पोकळ डबी, होती, ७.८ गिगाहर्ट्झला घुमणारी. तिचं तोंड उघडं. त्यावर पट्टी झाकणासारखी यायची, पण टेकायची नाही. मध्ये बारीक फट, आणि त्या फटीतून लहरी निसटू नयेत म्हणून कडेने कोरलेले खोल चर. सांधाच नसल्यामुळे स्क्रू किती आवळला याचा प्रश्न उरत नाही. ही युक्ती मला फार आवडते. मग नेटवर्क ॲनालायझर या मोजयंत्राच्या पडद्यावर कॅव्हिटीच्या घुमण्याचं एक शिखर उमटतं. भिंती जितकी ऊर्जा खातील तितकं ते रुंद. मोजायची ती रुंदी. नुसत्या तांब्याची पट्टी आधी ठेवायची, लेपाची नंतर, आणि दोहोंतल्या फरकातून लेपाचा वाटा काढायचा.

अडचण अशी, की ७.८ गिगाहर्ट्झची लहर या लेपात सहा मायक्रॉनांपेक्षा जास्त खोल शिरते. एक मायक्रॉनचं अस्तर तिला अडवतच नाही. ती आरपार जाऊन खालच्या तांब्यालाच भेटते. शिखराची रुंदी जेमतेम काही टक्क्यांनी बदलते, आणि त्या काही टक्क्यांवर आमचे तीन दिवस गेले. तीच पट्टी सकाळी एक उत्तर द्यायची, दुपारी दुसरं. कॅव्हिटी एका अंशाने तापली की शिखर सुमारे १८० किलोहर्ट्झ सरकतं. मी खूप वेळ सरासरी घेत होते, त्या वेळात एसी चालू-बंद होत होता आणि सरकणाऱ्या शिखरांची सरासरी आपोआप रुंद निघत होती. पट्टी निर्दोष होती. त्यानंतर पट्टी ठेवली की तासभर हात न लावता थांबायचं, हा माझा नियम झाला.

पातळ लेप कळायला शेवटी जाडच लेप करावा लागतो. ब्रिटनमधल्या डेअर्सबरीच्या संशोधकांनी ७.८ गिगाहर्ट्झच्या अशाच कॅव्हिटीवर ०.७ पासून १८ मायक्रॉनपर्यंतचे लेप तपासले. जाडी वाढत गेली की लहर लेपातच विरते आणि लेप स्वतःबद्दल बोलू लागतो. त्यांच्या मापनात दाट लेपाची वाहकता ८ लाख सीमेन्स प्रति मीटर आली; तांब्याची असते ५.८ कोटी. पण तेच तीन धातू स्तंभांसारखे उभे वाढले तर वाहकता फक्त १४ हजार. सूक्ष्मदर्शकाखाली असा लेप आडवा चिरून पाहिला तर ज्वारीच्या ताटांसारखा दाटीने उभा दिसतो, आणि ताटांमधल्या फटींपाशी विजेची वाट अडते.

पण त्याच फटींमुळे वायूला शिरायला जास्त जागा मिळते. निर्वात पोकळी सांभाळणाऱ्याला उभी ताटं हवीत, पुंजका सांभाळणाऱ्याला दाट थर. म्हणून खाली दाट आणि वर ताटांचा, असा दुहेरी लेपही करून पाहिला जातो.

मला तशी पट्टी हातात घ्यायची आहे. वरून ती कशी दिसेल याचा अंदाज आहे: करडी, किंचित मखमली. ७.८ गिगाहर्ट्झला तिचं शिखर किती रुंद येईल, ते मात्र ठेवल्यावर तासभर थांबूनच कळेल.