गाडी भरली म्हणजे किती?

आमच्या वरूडला काळी-पिवळीवाल्याला "कधी सुटणार?" म्हणून विचारले, की उत्तर ठरलेले, "भरली का निघालो!" पण भरली म्हणजे किती माणसे? त्याचा हिशेब निराळा आणि कायद्याचा निराळा.

कायदा माणसे कशी मोजतो, हे पाहायला जरा लांबचे उदाहरण घेऊ. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातल्या पुष्कळ हमरस्त्यांवर एक पट्टा जास्त माणसे नेणाऱ्या गाड्यांसाठी राखलेला असतो. कुठे किमान दोन माणसे लागतात, कुठे तीन. तसा फलकच असतो. नियम मोडून त्यात शिरले तर किमान दंड ४९० डॉलर. तान्हे मूलही तिथे एक माणूस धरतात.

पण ज्या गाडीला मुळात दोनच सीट, तिने तिसरा माणूस बसवायचा कुठे? यावर सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजकडील रस्त्यांवर तोडगा निघाला. तीनचा नियम असला, तरी दोन सीटच्या गाडीत दोघे असले की ती भरलेली मानायची. अट एवढीच, की गाडी कारखान्यातूनच दोन सीटची आलेली हवी. मागची सीट काढून टाकली, तर सवलत नाही.

म्हणजे माणसे मोजायची ती सीटच्या मापाने. तिकडे सीट रिकामी का, असे विचारतात. आपल्याकडे सीटपेक्षा माणसे जास्त का, असे विचारावे लागते. आपल्या आर. सी. बुकात आसनक्षमता लिहिलेली असते आणि तीत ड्रायव्हरही धरलेला असतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार प्रवासी वाहनात प्रत्येक जादा प्रवाशामागे २०० रुपये दंड आहे. शिवाय जादा माणसे उतरवून त्यांची दुसरी सोय लावल्याखेरीज गाडी हलवता येत नाही.

मला दंडापेक्षा विम्याची गोष्ट मोठी वाटते. ४२ प्रवाशांचा विमा असलेल्या एका बसमध्ये ९० जण होते आणि अपघात झाला. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली निकाल दिला, की विमा कंपनीची जबाबदारी ४२ जणांपुरतीच. सर्वांत मोठ्या ४२ भरपायांची बेरीज कंपनीने भरायची आणि ती सगळ्या दावेदारांत प्रमाणात वाटायची. उरलेले पैसे मालकाकडून वसूल करायचे. मालकाजवळ नसले, तर?

म्हणजे जो रीतसर सीटवर बसला होता, त्याच्या घरच्यांच्या वाट्यालाही कमीच येणार. "सरकून घ्या, एक जण बसते," असे ड्रायव्हर म्हणतो, तेव्हा आपण थोडी जागा देतो, असे आपल्याला वाटते. खरे तर आपल्या विम्यातला वाटाही आपण देत असतो. म्हणून बसण्याआधी गाडीची आसनक्षमता विचारावी आणि माणसे मोजावीत. मोजायला वेळ लागत नाही.