व्हीपीएन जोडलेलं, तरी दुसऱ्या दुकानात बिल का निघत नाही?

दोन दुकानं एकाच बिलिंगवर कशी आणायची, ते व्हिडिओत दाखवलं. पण एक गोष्ट घाईत राहून गेली, आणि तीच मला सगळ्यात महाग पडली होती.

धनत्रयोदशीची संध्याकाळ. मोठ्या दुकानातली लाइट गेली, दहा मिनिटांत आली. राउटर चालू, कॉम्प्युटर चालू, व्हीपीएनही जोडलेलं दिसतंय. पण छोट्या दुकानात बिलच निघेना. समोर गिऱ्हाईक उभं. शेवटी हाताने पावत्या फाडल्या आणि रात्री दीड वाजेपर्यंत एकेक एंट्री करत बसलो. दोन पावत्या हरवल्या त्या हरवल्याच.

दुसऱ्या दिवशी कारण सापडलं. राउटर दुकानातल्या प्रत्येक मशीनला पत्ता वाटतो, आणि माझा साधा राउटर बंद होऊन चालू झाला की आधीचं वाटप विसरायचा. डेटा असलेल्या कॉम्प्युटरचा पत्ता होता १९२.१६८.१.५. नव्या वाटपात त्याला शेवटी ७ मिळाला, आणि ५ गेला कामावरच्या पोराच्या मोबाइलला. म्हणजे छोटं दुकान त्या मोबाइलकडे बिलं मागत बसलं होतं! व्हीपीएनचा काहीच दोष नव्हता. रस्ता मोकळा होता, पलीकडचा घर नंबर बदलला होता.

उपाय फुकट आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएचसीपी रिझर्व्हेशन किंवा अॅड्रेस रिझर्व्हेशन शोधा आणि त्या कॉम्प्युटरच्या मॅक अॅड्रेसवर पत्ता कायमचा बुक करा. इथेच लोक फसतात. मॅक अॅड्रेस कॉम्प्युटरचा नसतो, नेटवर्क कार्डाचा असतो. वायफायचा बुक केला आणि नंतर केबल लावली, तर राउटरला ते नवीनच मशीन वाटतं. यूएसबी डोंगल बदललं तरी तेच. आणि विंडोजमध्ये वायफायसाठी रँडम हार्डवेअर अॅड्रेस चालू असेल, तर बुकिंगचा भरवसा नाही. ते बंद करा. माझं ऐकाल तर डेटाच्या मशीनला सरळ केबल लावा, त्या केबलच्या कार्डावर पत्ता बुक करा, आणि मग तिला हात लावू नका.

दुसरी भानगड म्हणजे दोन्ही दुकानांत पत्ते १९२.१६८.१ नेच सुरू होणं. बरेच राउटर कंपनीतूनच तसे येतात. मग छोट्या दुकानातलं मशीन पलीकडचा पत्ता आपल्याच दुकानात शोधतं, व्हीपीएनमधून जातच नाही. एका दुकानाचा राउटर १९२.१६८.२० वर न्या, विषय संपला.

बाहेरचा पत्ताही बघा. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ मध्ये दिसला, तर इंटरनेटवाल्याने एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलाय. बाहेरून तुमच्या राउटरपर्यंत कोणी पोचणार नाही, डायनॅमिक डीएनएस लावूनही नाही. मग स्टॅटिक आयपी विकत घ्या, नाहीतर टेलस्केलसारखं काहीतरी थेट दोन्ही कॉम्प्युटरवर टाका. त्यात प्रत्येक मशीनला स्वतःचा पत्ता मिळतो, राउटर बदलला तरी तोच राहतो, आणि बिलिंगमध्ये तोच टाकायचा. (हे पत्तेही १०० नेच सुरू होतात, गोंधळू नका.) वायरगार्ड वापरत असाल तर पत्ता फाइलमध्येच लिहिलेला असतो, म्हणून पक्का. फक्त छोट्या दुकानाच्या फाइलमध्ये पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ टाका, म्हणजे दर २५ सेकंदांनी एक हाक जाते आणि मधला राउटर रस्ता बंद करत नाही.

मोबाइलवर जाहिरातीत दिसणारी व्हीपीएन अॅप्स या कामाची नाहीत. ती तुमची दोन दुकानं जोडत नाहीत.

सगळं झालं की सीझनच्या आधी एखाद्या मंगळवारी दुपारी मोठ्या दुकानाचा मेन स्विच पाडा. पाच मिनिटांनी चालू करा. कशालाही हात न लावता छोट्या दुकानातून एक बिल काढून बघा. मी आता हे दर दिवाळीच्या पंधरा दिवस आधी करतो, आणि गेल्या वेळी त्यातच बिल प्रिंटरचाही पत्ता बदललेला सापडला.